पहिल्या पटावर मीच बसलो

मी बुद्धिबळाचा कोच झालो तो कॅन्टीनच्या वरणामुळं.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा औषधाच्या गोळ्यांचा कारखाना होता आणि मी तिथं वेल्फेअर ऑफिसर होतो. वेल्फेअर ऑफिसर म्हणजे ज्याच्याकडं सगळ्यांनी तक्रार करायची आणि ती पुढं कुणाकडं करावी, याचा विचार करत ज्यानं बसून राहायचं. गणवेशाची मापं, बसची वेळ, न्हाणीघरातला नळ, वरणाचा पातळपणा, एवढं माझं राज्य. एकदा वरणावरून दोन पाळ्यांनी ताटाला हात लावला नाही. मी वरण दाट करून घेतलं, पण मॅनेजरसाहेबांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत लोक रिकामे बसता कामा नयेत. रिकामे बसले की ते वरणाकडं बघतात."

म्हणून मी शहागंजातून बुद्धिबळाचे पट आणले. कॅरमही आणला असता, पण कॅरमचा आवाज होतो.

माझं स्वतःचं बुद्धिबळ एका इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या भागापुरतं होतं. दुसरा भाग मी वाचला नाही, कारण तिथून डावाचा मध्य सुरू होत होता आणि तो अवघड होता. त्यामुळं मला सुरुवात झकास करता येई. पुढं काय करायचं, ते समोरचा ठरवी. माझी बायको म्हणते, संसारातही आमचं तसंच आहे. कंपनीत मात्र दुसऱ्या कुणी पुस्तक उघडलेलंच नव्हतं. आंतर-कारखाना स्पर्धा जाहीर झाली तेव्हा चार पटांवर चार जण, सगळ्यांत चांगला पहिल्या पटावर, असा संघ तयार करायचं काम माझ्याकडंच आलं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डावाच्या पहिल्या काही चालींना ओपनिंग म्हणतात. सोयरीक जमवायला गेलेल्या मंडळींची पहिली पंधरा मिनिटं आठवा. कोण लोडाला टेकतं, कोण सतरंजीच्या काठावर बसतं, मुद्द्याला आधी कोण हात घालतं. ठरलेलं काहीच नसतं, पण पुढच्या बोलण्याचा रंग तिथंच दिसतो. ओपनिंगचं तसंच आहे. काही ओपनिंग सभ्य असतात. आपापलं घर नीट लावायचं, मग बोलणी. काहींत दुसऱ्याच चालीला आपलं प्यादं समोरच्याच्या तोंडात द्यायचं. तो ते खाण्यात गुंतला की तेवढ्यात त्याच्या राजावर धावून जायचं. याला गॅम्बिट म्हणतात. दिलेलं प्यादं वसूल झालं तर आपण शूर, नाही झालं तर मूर्ख.

आता कुणाला कोणतं ओपनिंग शिकवायचं, हा कोचचा खरा धंदा. पुस्तकात एक वाक्य होतं: खेळाडूचा स्वभाव पाहा. मी ते फारच मनावर घेतलं. लोक कॅन्टीनमध्ये जेवतात कसे, हे मी कोपऱ्यात उभं राहून बघू लागलो. सगळं एकत्र कालवून भराभर खाणारा तो आक्रमक. पापड शेवटपर्यंत राखून ठेवणारा तो बचावाचा. या शास्त्राला जगात कुठंही आधार नव्हता, पण मी त्यावर आमच्या स्टाफ क्लबात भाषणही दिलं.

या शास्त्राचा पहिला बळी स्टोअरकीपर पाटील. पाटलांच्या मिशा, पाटलांचा आवाज, पाटलांचं ताटावर तुटून पडणं, सगळं पाहून मी त्यांना गॅम्बिट दिलं. दुसऱ्या चालीला प्यादं पुढं करायचं आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या बांधावरचं झाड मागितलं.

"फुकट द्यायचं?" ते म्हणाले.

"फुकट नाही, पाटील. त्याच्या बदल्यात वेळ मिळतो."

"वेळ आपल्याकडं हायच की. प्यादं कशापायी द्यायचं?"

पुढं स्पर्धेतही पाटील प्यादं देत नसत. ज्या घरात ते द्यायचं तिथं बोट टेकवत आणि उचलून घेत. ते इतके चिवटपणे खेळत की समोरचा कंटाळून बरोबरी मागे. म्हणजे पाटील जन्मजात बचावाचे खेळाडू होते, आणि मी त्यांना मिशीवरून ओळखायला गेलो होतो.

दुसरा बळी कमल साळवे.

कमल पॅकिंगमध्ये होती. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, खोकी पेटाऱ्यात. उस्मानपुऱ्यातून कंपनीच्या बसनं यायची. वय विशीच्या पुढचं, बोलणं इतकं हळू की सुपरवायझरला वाकून ऐकावं लागे. बदली कामगार होती, म्हणजे काम असेल तोवर काम, कायम होण्याची आशा. खेळ तिला तिच्या थोरल्या भावानं शिकवला होता. जेवण सावकाश, घास मोजल्यासारखे, आणि पापड शेवटी. मी तिला माझ्याकडचं सर्वांत सौम्य ओपनिंग दिलं.

पहिल्याच सरावात तिनं चार चाली मी सांगितल्या तशा केल्या. पाचव्या चालीला तिनं उंट उचलला आणि माझ्या राजापुढच्या प्याद्यावर नेऊन आपटला. उंट मेला. मी विचारलं, "हे काय?"

"लई वेळ लागायला लागला, साहेब," ती हळूच म्हणाली.

मग वजीर आला, घोडा आला, माझा राजा घर सोडून पळत सुटला आणि पटाच्या मध्यावर मारला गेला. ही माझ्या शास्त्राची अखेर होती, पण मला ते कळलं नाही. मी उलट्या दिशेनं तीच चूक केली. बाई आक्रमक आहे ना, मग पाटलांकडं वाया गेलेलं गॅम्बिट हिला. कॅन्टीनमध्ये तिनं त्या गॅम्बिटनं हाहाकार केला. मशीनवरचे जवान गडी जेवण अर्धं टाकून तिच्यासमोर बसत आणि वरण गार होण्याच्या आत हरून उठत. वरणाची एकही तक्रार त्या महिन्यात आली नाही.

स्पर्धेच्या पहिल्या फेरीत मात्र एका शांत अकाउंटंटनं तिचं प्यादं खाल्लं, मिशी पुसल्यासारखं केलं आणि निवांत बसला. कमलनं सगळं सैन्य त्याच्यावर सोडलं. त्यानं एकेक मोहरा झेलला आणि मग नुसता एक हत्ती पाठवून तिचा राजा मारला. बाकीचे दोघं जिंकले आणि पाटलांनी बरोबरी साधली म्हणून संघ वाचला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी मारायला निघते साहेब, अन् माझ्या घराला कडीच लावलेली नसती."

उत्तर द्यायला मला पुस्तकाचा दुसरा भाग लागला असता. उत्तर दिलं ते बस चालवणाऱ्या रहीमचाचांनी.

चाचा शहागंजातले. ते जुन्या देशी रीतीनं खेळत. त्यात प्यादं एका वेळी एकच घर चालतं, पहिल्या चालीलासुद्धा. मी त्यांना कितीदा तरी नवे नियम समजावले होते. ते मान डोलवत आणि एकच घर चालत. "प्यादे कू दौडाते कायकू, साब? पैदल हय वो. पैदल चलेंगा." त्यांची मांडणी कायम तीच. राजाच्या बाजूचा घोडा बाहेर, त्याच्या मूळ घरापुढचं प्यादं एक घर पुढं, त्या प्याद्याच्या पोटात उंट, आणि राजा कोपऱ्यात. मधली जागा समोरच्याला खुशाल देऊन टाकायची. त्यांच्याशी खेळताना मला नेहमी वाटायचं की आपण जिंकतोय, आणि नेमकं तेव्हाच कोपऱ्यातून प्यादी चालत यायची.

कमलनं दोन दुपारी त्यांच्याशी खेळून मला विचारलं, "हे असं चालतं का आपल्या नियमात?"

मी पुस्तक उघडलं. चालत होतं. पहिल्याच भागात होतं. त्या मांडणीला नावसुद्धा हिंदुस्थानचंच दिलेलं होतं. मी ते प्रकरण वगळलं होतं, कारण आपल्याच देशाचं आपल्याला काय शिकायचं, असं मला वाटलं होतं.

आक्रमक खेळाडूला काय द्यायचं हे मला तेव्हा थोडं समजलं. पहिल्या चालीपासून मारामारी असलेलं ओपनिंग देऊन भागत नाही. त्याला आधी घराला कडी लावून द्यायची आणि मग मारामारीची वेळ नक्की येईल अशी जागा द्यायची. धीर धरणं कमलला जड जाईल असं मला वाटत होतं, पण तिला ते मुळीच जड गेलं नाही. "वाट बघायची सवय हाय," ती म्हणाली. पांढरी सोंगटी असो की काळी, मांडणी तीच. ती घर लावायची, मग राजापुढची प्यादी सोडायची, आणि त्यांच्यामागून सगळे. आम्ही फायनलला पोचलो.

त्या दिवसांत शहरात विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ चालू होती. विधिमंडळात ठराव होऊन वर्षं लोटली होती. त्यावरून खेड्यापाड्यांत घरं जळाली होती, आणि ठराव तिथंच पडून होता. इकडं वाळूजकडं नवे कारखाने उभे राहत होते, रोज नवीन भोंगा ऐकू येई, आणि तिकडं मोर्चे, बंद, पोलीस. मी शेतकरी घरातला. माझे भाऊबंद नामांतराच्या उघड विरोधात होते. एकदा गावाकडून आलेल्या चुलतभावानं जेवता जेवता विचारलं, "तू कोणीकडून रे?" मी म्हणालो, "मी वेल्फेअरकडून." तो हसला. मीही हसलो, आणि भात वाढून घेतला. माझं ओपनिंग कायम हेच होतं. राजा कोपऱ्यात, आणि पुढची चाल समोरच्याची.

फायनलच्या आधी काही दिवस कमल माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, फायनलला मी नाय."

"का? बरं नाही का?"

"सत्याग्रह हाय त्या दिवशी. जाणार हाय."

मी खुर्चीतून उठलो, परत बसलो. "कमल, ती फायनल आहे. तू पहिल्या पटावर आहेस."

"ठाऊक हाय."

"सत्याग्रहाला हजारो माणसं असतील. एक कमी झालं तर..."

"तसं कसं, साहेब." ती म्हणाली, "माझा भाऊ बीए झाला. पदवीचा कागद त्यानं अजून घेतला नाय. नाव बदलल्यावर घेईन म्हणतो. आई रोज विचारती, पोरगा पास झाला का नापास. आता मी सोंगट्या खेळायला गेले तर त्याला काय सांगू?"

तरी मी म्हणालोच, "अटक झाली तर? तू बदलीवर आहेस."

"होईलच अटक," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच जायचं असतं."

संघाला त्या दिवशी खेळाची रजा मंजूर झाली होती, कमललाही. ती रद्द करायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. त्यात फार मोठा विचार होता असं नाही. कारण सांगायचं म्हणजे मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचं, आणि मी तिथं सहसा जात नसे.

राखीव खेळाडू म्हणून मी स्वतःचंच नाव दिलेलं होतं, कारण राखीव खेळाडूलाही कंपनीचा टी-शर्ट मिळणार होता. त्या सकाळी टी-शर्ट घालून मी उस्मानपुऱ्यातल्या मंगल कार्यालयात पहिल्या पटावर बसलो. समोर वाळूजच्या एका कारखान्यातला तरुण इंजिनिअर. मला पांढऱ्या सोंगट्या. मी कमलची मांडणी केली. घोडा, प्यादं, उंट, राजा कोपऱ्यात. इतकं सुबक घर मी आयुष्यात लावलं नव्हतं. इंजिनिअर विचारात पडला. बाहेरून घोषणांचा आवाज लांबून येऊन लांब गेला. हॉलमधल्या सगळ्यांनी एकदा माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

मग हल्ल्याची वेळ आली. माझा घोडा त्याच्या राजाच्या दारात उभा होता. त्यानं एक प्यादं एकच घर पुढं सरकवलं आणि घोड्याला हटकलं. कमलनं घोडा तिथंच ठेवला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच तिला ते पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. मी घोडा मागं घेतला. त्यानंतर मी जे जे पुढं गेलं होतं ते सगळं एकेक करून मागं घेतलं, आणि शेवटी मागं घ्यायलाही जागा उरली नाही. बाकीच्या तिघांनी मिळून बरोबरी राखली होती. पाटील तर चिवटपणाच्या जोरावर चक्क जिंकले होते. स्पर्धेचं शिल्ड गेलं ते माझ्या पटावरून.

दुसऱ्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

मॅनेजरसाहेब पुण्याकडचे, बोलायला गोड. म्हणाले, "पॅकिंगमधली ती मुलगी, साळवे, परवा अटकेत होती असं कळलं. बदली कामगार आहे ना?"

"हो सर."

"मग तिला कळवून टाका. विनापरवानगी गैरहजर. पुन्हा बोलवायचं नाही."

बोलावणं येणार हे ओळखून मी तयारी करून गेलो होतो. बसमध्ये मी वाक्यं पाठ केली होती, वेल्फेअर, माणुसकी, उत्पादन. त्यांच्या पहिल्याच चालीला ती सगळी विसरलो. तोंडातून भलतंच निघालं.

"गैरहजर नव्हती सर. रजा होती, खेळाची."

"पण ती खेळली कुठं?"

"राखीव खेळाडू खेळत नसतात, सर."

त्यांनी समोरची फाईल बाजूला सारली. "राखीव तुम्ही होतात."

"आधी होतो. मग मी बदल केला. फायनलला अनुभवी माणूस हवा म्हणून पहिल्या पटावर मीच बसलो. तिला सांगितलं, गरज नाही, येऊ नकोस. मग त्या दिवशी ती कुठं गेली तो तिचा प्रश्न."

"अनुभवी माणूस म्हणजे तुम्ही?"

"हो सर."

"आणि शिल्ड तुमच्या पटावर गेलं."

"हो सर."

"आपल्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूला तुम्ही घरी बसवलं आणि स्वतः खेळलात."

"हौस होती, सर," मी म्हणालो.

त्यांना खरं काय ते कळलं होतं असं मला आजही वाटतं. पण पॅकिंगला माणसं कमी होती, मोठी ऑर्डर तोंडावर होती, आणि माझ्या तोंडून ही हौस ऐकण्यात त्यांना जरा गंमतही वाटली असावी. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी कोच बदला," आणि फाईल ओढली. 

दुपारपर्यंत गोष्ट कारखानाभर झाली. वेल्फेअरसाहेबांनी पोरीला डावलून स्वतःची हौस भागवली आणि शिल्ड घालवलं. पॅकिंगच्या बायकांना खरं ठाऊक होतं, त्या हसत नसत. बाकी सगळे हसत. पाटील ही गोष्ट तर इतकी रंगवून सांगत की मलाही ऐकत राहावंसं वाटे. दुसऱ्या कारखान्यांतले लोक लग्नाकार्यात भेटले की विचारत, "तुम्हीच का ते, पहिल्या पटावरचे?" मी निवृत्त झालो त्या दिवशीच्या भाषणांतही ती निघाली. खुलासा करणं शक्य नव्हतं. कमल कायम होईपर्यंत तो धोक्याचा होता, आणि ती कायम झाली तोवर खुलासा कुणी मानला नसता. शेवटी विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वेळी ती पॅकिंगची सुपरवायझर होती. तिनं पेढे वाटले. काहींनी घेतले, काहींनी घेतले नाहीत. मी दोन घेतले. गावाकडं हे कळलं, आणि चुलतभाऊ बरेच दिवस आला नाही.

पण त्या सकाळी केबिनमधून बाहेर आलो त्यानंतरचं राहिलं. जेवणाच्या सुट्टीत कमल कॅन्टीनमध्ये आली. चेहरा उतरलेला, आवाज घोषणांनी बसलेला. आभार मानेल असं मला वाटलं होतं, आणि मी नम्रपणे "अगं, त्यात काय" म्हणायची तयारीही केली होती.

ती म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगितलं म्हणं, मला तुम्हीच घरी बसवलं."

"हो. नोकरी राहिली तुझी."

"राहिली. पण मी तुम्हाला सांगून गेले होते. तुम्ही बसवलं म्हणून नाय." ती रागावली होती, आणि बसलेल्या आवाजात राग मोठा वाटत होता. "मला कोणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला विचारायची पाळी येऊ दिली नाही."

शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्याकडं बघून एकमेकांना कोपर मारत होते, आणि कशावरून ते मला आता पाठ झालं होतं. मग तिनं खुर्ची ओढली, पट पुढं घेतला आणि म्हणाली, "कसं हरलात ते दाखवा."

मी चाली मांडत गेलो. घर लागेपर्यंत ती मान डोलवत होती. घोडा मागं घेतला तिथं तिनं माझं मनगट धरल्यासारखा हात पुढं केला आणि थांबवलं.

"हा कशाला मागं घेतला? त्यानं मारला असता तर मारू द्यायचा. वजिराला वाट मोकळी झाली असती."

"भीती वाटली," मी म्हणालो.

"अन् केबिनमध्ये?"

"तिथं पण वाटली."

मग तिनं माझा घोडा उचलला, त्याच्या राजाच्या दारात परत नेऊन ठेवला आणि स्वतः इंजिनिअरच्या बाजूला सरकून बसली.

"इथून खेळा," ती म्हणाली. "मी त्याच्याकडून खेळते."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी आम्ही खेळत होतो. मी घोडा मागं घेतला नाही. तिनं तो मारला, वजिराला वाट मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या वाटेनं वजीर न्यायचं माझ्या लक्षातच आलं नाही. हरलो.